गाणं नसलेल्या तबकड्या

जुन्या तबकड्या जमवणाऱ्या लोकांबद्दल मला आदर नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं तेच करत होतो, त्यामुळे ही जमात मी जवळून पाहिली आहे. चौघे जमले की एक जण तबकडी लावतो, बाकीचे डोळे मिटतात, आणि मग प्रत्येक जण एक डोळा किलकिला करून बघून घेतो, आपले मिटलेले डोळे इतरांना दिसले की नाही. गाणं संपलं की कोणीतरी "अहाहा" म्हणतो. त्या अहाहामध्ये गाण्याचा वाटा थोडा असतो. "ही माझ्याकडे आहे आणि तुमच्याकडे नाही" याचाच जास्त.

मला गाण्यातलं काही कळत नाही. मी औषध कंपनीचा एम.आर. होतो. गोंदिया माझं हेडक्वार्टर. आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव हा एरिया. भर मे महिन्यात गळ्यात टाय, हातात काळी बॅग, आणि दवाखान्याच्या बाकावर पेशंटांच्या मागे बसून राहायचं. पेशंटला निदान आत गेल्यावर डॉक्टर विचारतो, काय होतंय म्हणून. आम्हाला तेवढंही नाही. आत जायचं, डॉक्टर घड्याळाकडे बघत असताना पाठ केलेलं बोलायचं, सॅम्पल टेबलावर ठेवायचं आणि हसत बाहेर यायचं. ते हसू इतकं सवयीचं झालं होतं की घरी जेवताना मी भाजी वाढून घेतली तरी तसंच हसायचो. बायकोनं एकदा सांगितलं, "माझ्यासमोर तसं हसू नका, मला औषध नको आहे."

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास, रेल्वे लाइनीपलीकडच्या एका भंगारवाल्याकडे मी कुलरचा पंप शोधायला गेलो होतो. तिथं लोखंडी पलंगाखाली एक जाड काळी तबकडी पडलेली दिसली. घरी बायकोच्या माहेरून आलेला चावीचा ग्रामोफोन होता, शोकेसवर नुसता बसून असायचा. मी तबकडी उचलली तर भंगारवाला म्हणाला, "गाना नहीं है साहब इसमें. सिर्फ बकबक है. ले जाना है तो ऐसेही ले जाओ."

घरी येऊन चावी भरली, सुई टेकवली. बराच वेळ खरखर, मग एक पुरुषाचा आवाज. खणखणीत हिंदी, भारदस्त, प्रत्येक शब्दावर तूप सोडलेलं. मेहरबान, ही मशीन नव्हे, तुमच्या घरी राहायला आलेला पाहुणा आहे, असं काहीतरी. मग नमुन्यादाखल थोडी बासरी. मग कोंबडा आरवला. मग एक माणूस शिंकला. आणि पुन्हा तोच आवाज: ऐकलंत ना? शिंकसुद्धा साफ ऐकू आली ना? मग दुकानाच्या बाहेर का उभे, आत या.

मी खुर्चीवर बसूनच राहिलो. तो आवाज मी रोज ऐकत होतो. मुद्द्याच्या आधी घेतलेला तो छोटा श्वास, "आपण एकदा वापरून तर बघा" म्हणताना खाली आणलेला सूर, शेवटचं ते उगाचचं हसू. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी माझंच काम करून गेला होता, आणि तेवढाच खोटा वाटत होता.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की अशा तबकड्या विकायच्या नसतच. कंपनी त्या दुकानदारांना फुकट द्यायची, गिऱ्हाइकाला मशीन ऐकवून दाखवायला. म्हणजे आमच्या भाषेत सॅम्पल. फुकट म्हणून कोणी जपल्या नाहीत आणि गाणं नाही म्हणून कोणी मागितल्या नाहीत. मी ठरवलं, जमवायच्या तर ह्याच. गाण्यांवर डोळे मिटणाऱ्या मंडळींत निदान माझ्या वाटेला कोणी येणार नव्हतं.

तसं फार कोणी आलंही नाही. नागपूरच्या एका गृहस्थांखेरीज.

हे गृहस्थ मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले. रेशमी झब्बा, मागे वळवलेले पांढरे केस, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण एकदम महत्त्वाचे झालो असं वाटावं. नागपुरात त्यांचं रसिकांचं मंडळ होतं आणि महिन्यातून एकदा त्यांच्या दिवाणखान्यात बैठक भरायची. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी माझी ओळख "हे आमचे गोंदियाचे बकबकवाले" अशी करून दिली आणि मंडळ खळखळून हसलं. "अहो, कलेशी ज्याचा संबंध नाही ते जमवून काय करायचं? तो कचरा आहे," असं त्यांनी मला सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. मी तिसऱ्यांदा गेलो नाही.

अर्जुनी-मोरगावला माझ्या ओळखीचा एक औषध दुकानदार होता. मूळचा केशोरीचा, थोरला भाऊ गावात धानाची शेती बघायचा, हा अर्जुनीत मेडिकल चालवायचा. एकदा ऑर्डर लिहून देता देता तो म्हणाला, "भाऊ, तुमी त त्या जुन्या रेकॉर्डी जमवता ना? आमच्या घरी आमच्या आज्याचा आवाज आहे."

त्याचा आजा दंडारीत गायचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा जी लोकनाट्यं होतात त्यातली ही दंडार. आज्याचा आवाज म्हणे तलावाच्या पल्याड ऐकू जायचा. एका मंडईत नागपूरकडचा एक विक्रेता बैलगाडीत ग्रामोफोन घालून आला. त्यानं आज्याला कर्ण्यासमोर उभं करून गायला लावलं, आणि गाणं संपल्यावर पेटीतून एक तबकडी काढून त्याच्या हातावर ठेवली. म्हणाला, "घ्या, तुमचा आवाज यात भरला. ऐकायचा असेल तर मशीन घ्या." मशीन आज्यानं घेतलं नाही. तबकडी मात्र घरात राहिली.

"तुम्ही ऐकलाय तो आवाज?" मी विचारलं.

"कुठून ऐकू जी? मशीन कुठं होती?" तो म्हणाला. "पण नागपूरचे एक साहेब येऊन राहिले दोन वर्सापासून. ते म्हंतात, हा खजिना आहे, खराब होऊन राहिला, मुंबईले नेऊन दुरुस्त करतो. दादा देत नाही."

साहेबांचं वर्णन ऐकलं. रेशमी झब्बा, मागे वळवलेले केस. कचऱ्यासाठी हा माणूस दोन वर्षं नागपूरहून केशोरीला हेलपाटे घालत होता.

पुढच्या आठवड्यात मी दुकानदाराच्या मोटरसायकलवर मागे बसून केशोरीला गेलो. थोरल्या भावानं देवाच्या फळीवरून लाल कापडातली तबकडी उतरवली. दर मंडईला तिला हार घालायची त्यांच्या घरची रीत. मी ती फक्त हातात धरली आणि सगळं स्पष्ट झालं. एका बाजूला रेघा, दुसरी बाजू गुळगुळीत. फार जुन्या तबकड्या अशा एकाच बाजूच्या असत. लेबल अर्धं खरवडलेलं, तरी "विक्रीसाठी नाही" एवढं वाचता येत होतं. त्या विक्रेत्यानं पेटीत पडून असलेला जुना फुकटचा माल आज्याच्या गळ्यात मारला होता.

मी थोरल्याला सरळ सांगितलं. "दादा, हा तुमच्या आजोबांचा आवाज नाही. ही कारखान्यातून तयार होऊन आलेली तबकडी आहे. त्या मशीनमधून आवाज फक्त बाहेर येतो, आत भरता येत नाही."

तो मोठ्या चणीचा, शांत माणूस होता. त्यानं तबकडी माझ्या हातातून काढून घेतली. "तुमाले कसं मालूम?"

"मी ह्याच जमवतो."

"नागपूरचे साहेब त होय म्हंतात, आज्याचाच आवाज होय म्हंतात."

"मंग लावून पाहू ना," धाकटा म्हणाला. "भाऊजवळ मशीन आहे."

थोरल्यानं तबकडी पुन्हा लाल कापडात गुंडाळली. मग म्हणाला, "मंडईले साहेब येनार आहेत. तवा लावा. सगळ्याइच्या समोर."

मंडईच्या दिवशी मी ग्रामोफोन उराशी धरून बसनं केशोरीला पोचलो. साहेब आधीच आले होते, कारनं. अंगणात सतरंजी टाकलेली, शेजारपाजारचे लोक जमलेले. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "अरे वा, आपणही? छान, छान," ते म्हणाले, जणू यजमान तेच होते. घरची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. ती त्या आज्याची सून. त्याचा आवाज प्रत्यक्ष ऐकलेलं घरात आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

साहेबांनी आधी छोटंसं भाषण केलं. लोककला, माती, परंपरा. मला त्यांचं एक कळत नाही, दिवाणखान्यात बसून ज्यांनी उभ्या जन्मात दंडार पाहिली नाही त्यांना माती हा शब्द इतका सहज कसा सुचतो. मग ते म्हणाले, "तबकडी नाजूक अवस्थेत आहे. आज वाजवू नये असं माझं मत आहे." पण लोक जमले होते. थोरला म्हणाला, "लावा."

मी चावी भरली, नवी सुई बसवली आणि तबकडीवर टेकवली.

खरखर झाली. थोरल्यानं हात जोडले. मग तो तुपाळ आवाज आला: मेहरबान! आवाज मशीनची तारीफ करू लागला. ती किती मजबूत, किती गोड, बायकापोरांचं मन कसं रमेल. थोरल्याचे हात जोडलेलेच होते. मग बासरी वाजली आणि कोंबडा आरवला. त्याबरोबर म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. शेवटी तो शिंकणारा शिंकला, आवाजानं आत यायचं निमंत्रण दिलं आणि तबकडी संपली.

थोरल्यानं हात खाली घेतले. धाकटा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, झालं. आता निदान या माणसांना कोणी फसवणार नाही.

साहेब उठले. घाई अजिबात नाही. थोरल्याजवळ जाऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सूर खाली आणला आणि आज्याचं नाव घेतलं. नुसतं नाव, आदरानं. मग एक छोटा श्वास. "दादा, हा तर कंपनीनं जोडलेला मजकूर. सगळ्याच तबकड्यांवर असायचा. आजोबांचा आवाज या दुसऱ्या बाजूला आहे." त्यांनी गुळगुळीत बाजू वर करून उन्हात धरली. "बघा, किती झिजलीय. रेघासुद्धा दिसत नाहीत. पण आवाज मेलेला नाही. मुंबईत अशी यंत्रं आहेत आता, की—"

"त्या बाजूला कधी काही नव्हतंच!" मी ओरडलो. "ती बाजू कोरीच निघते कारखान्यातून. साहेब, तुम्हाला हे माहीत आहे!"

"यांच्या सुईनं आजच किती नुकसान झालं, कोण जाणे," साहेब खेदानं म्हणाले, माझ्याकडे न बघता.

थोरला माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तुमी चूप बसा जी. आमच्या आज्याचा तमाशा करून टाकला तुमी." आणि त्यानं ती तबकडी, दोन वर्षं जी दिली नव्हती ती, स्वतःच्या हातानं लाल कापडात गुंडाळून साहेबांना दिली.

मी तिथं उभा राहून सगळं बघितलं. खांद्यावर हात, खाली आणलेला सूर, मेलेल्या माणसाचं नाव, मध्येच घातलेली नुकसानीची भीती, शेवटी वचन. आमच्या कंपनीत नवीन पोरांना हेच शिकवायला पंधरा दिवस हॉटेलात ठेवायचे. कलेशी ज्याचा संबंध नाही तो कचरा जपून कारच्या मागच्या सीटवर ठेवला गेला. साहेबांनी जाताना मला हात केला.

सामान उचलून निघालो तर म्हातारी वाटेतच सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मला राहवलं नाही. "माय, तुमी त सासऱ्याचा आवाज ऐकला होता ना?"

"ऐकला ना."

"मग सांगायचं होतं, हा त्याचा नाही म्हणून. काऊन नाही बोलल्या?"

"मले कोनी इचारला का?" ती म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.

परत सोडायला आलेला धाकटा मोटरसायकलवर म्हणाला, दादाचं मनावर घेऊ नका. मी घेतलं होतं. संतापापेक्षा मला किळस आली होती. साहेबांची तर आलीच होती, पण त्या थोरल्याचीही, ज्याला खरं सांगणारा माणूस शत्रू वाटला. आणि त्या सगळ्या जमलेल्या लोकांची, ज्यांनी आपल्या कानांनी कोंबडा ऐकला आणि तरी काही ऐकलं नसल्यासारखे आपापल्या घरी गेले.

वर्षभरानं दुकानदारानं बातमी दिली. मुंबईहून आज्याचा आवाज निघून आला होता. मखमली डबी, त्यावर आज्याचं नाव छापलेलं, आत सीडी. मूळ तबकडी मात्र दुरुस्तीत फुटली, असं साहेबांनी फार वाईट वाटून कळवलं होतं. पुढे नागपूरच्या एका संग्राहकाकडून मला खरं कळलं. परदेशातल्या कोणाला तरी हिंदुस्थानी जाहिरातींच्या तबकड्यांचा नाद लागला होता आणि ती न फुटता तिकडे पोचली होती.

त्या मंडईला मी पुन्हा केशोरीला गेलो. साहेब आले नव्हते. त्यांचं काम झालं होतं. घराच्या छपरावर भोंगा बांधलेला. थोरल्यानं सीडी लावली. दंडारीतलं गाणं सुरू झालं, पुरुषाचा चांगला मोकळा आवाज, ढोलकी, आणि त्याखाली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी खरखर. खरी तबकडी अशी खरखरत नाही. तिची खरखर कुठं वाढते, कुठं घटते, एखाद्या चिरेवर टिकटिकते. ही कॉम्प्युटरवर पसरलेली होती, शिळ्या भातावर तिखट भुरभुरावं तशी. कुठल्या तरी गावच्या जिवंत गायकाचं गाणं टेप करून आणलं होतं. दुसरं कडवं सुरू झालं आणि मागे दूरवर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. आज्याच्या काळात, बैलगाडीतून ग्रामोफोन यायचा त्या काळात, ट्रॅक्टर.

मी धाकट्याला कोपरानं ढोसलं. "ऐकलं?"

"ऐकलं."

"ट्रॅक्टर आहे तो."

"मालूम आहे भाऊ," तो हळूच म्हणाला. "चूप राहा. दादा रडून राहिला."

थोरला खरंच रडत होता. एवढा मोठा माणूस, भोंग्याखाली उभा राहून, तोंड न झाकता. येणारे-जाणारे थांबून हात जोडत होते. मी म्हातारीजवळ जाऊन बसलो. या वेळी मी तरी विचारणार होतो. "माय, हा आवाज तुमच्या सासऱ्याचा होय का?"

तिनं थोडा वेळ कान देऊन ऐकलं. "नाई," ती म्हणाली. "हा बरा गाते."

"म्हणजे?"

"तो निस्ता ओरडे. तलावाच्या पल्याड जाये ना आवाज, ओरडल्यावर जातेच." आणि तिनं गाण्याच्या ठेक्यावर मान हलवायला सुरुवात केली. मला हसू आलं, ते दवाखान्यातलं नव्हे. दिवसभरात खरं बोललेलं ते एकच माणूस होतं, आणि तिला त्याचं काही सुख-दुःख नव्हतं.

मी माझ्या तबकड्या अजून काही वर्षं जमवल्या, पण चव गेली होती. परदेशातल्या त्या नादामुळे त्यांना भाव आल्यावर मंडळातले तेच रसिक, जे बकबकवाला म्हणून हसले होते, फोन करून "आपल्याकडे काही असल्यास" विचारायला लागले. मी सगळ्यांना सांगितलं, फुटल्या, दुरुस्तीत. निवृत्त झाल्यावर भंगारवाल्यानं दिलेल्या त्या पहिल्या कोंबडेवाल्या तबकडीखेरीज सगळ्या नागपूरच्या एका कॉलेजला देऊन टाकल्या. तिथं त्या कपाटात कुलूपबंद आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणाला ठाऊक नाही असं ऐकतो.

मागे एकदा अर्जुनीला लग्नाला गेलो होतो, तेव्हा दुकानदाराच्या मेडिकलवर डोकावलो. थोरला आता थकला होता, म्हातारी गेली होती. काउंटरवर गर्दी होती. टाय बांधलेला एक कोवळा एम.आर. बॅग सांभाळत आपली पाळी यायची वाट बघत होता. तेवढ्यात दुकानदाराचा मोबाइल वाजला: ढोलकी, खरखर आणि तो मोकळा आवाज. त्यानं लगेच उचलला नाही. एक ओळ पूर्ण वाजू दिली.

"क्या आवाज है सर," एम.आर. म्हणाला. "किसका है?"

"माझ्या आज्याचा," दुकानदार म्हणाला. माझ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं, फोन कानाला लावला, आणि दुसऱ्या हातानं त्या पोराला खूण केली, बोल, काय आणलंस ते.